इल्म, अमल आणि अंमलबजावणी

चिखलदऱ्याला आलेल्या पर्यटकांना गाविलगड दाखवताना गाइड राजांची नावं सांगतो. अहमदशाह वली बहमनी १४२५ ते १४२८ या काळात एलिचपूरला मुक्कामी होता, तेव्हा त्यानं हा गड बांधून घेतला. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्लाह इमादुल्मुल्कनं तो मजबूत केला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो जिंकला. यात काही चूक नाही. पण एवढ्या उंचीवर वर्षभर पुरेल इतकं पाणी तलावांत कुणी साठवलं? बुरुजांवरच्या तोफा कुणी ओतल्या, त्या घाट चढून कशा आल्या? १८०३ च्या वेढ्यात कर्नल स्टीव्हनसनच्या सैनिकांनी अवजड तोफा डोंगरातून ओढत नेल्या, त्या कष्टाचं वर्णन इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. गडावरच्या तोफा ज्यांनी घडवल्या, चढवल्या, त्या हातांबद्दल मात्र गाइडकडे सांगण्यासारखं काही नसतं.

हा प्रश्न मला अलीकडे पुन्हा पडला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. परतवाड्यात त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून त्याला 'मेकॅट्रॉनिक्स' हा विषय आहे. त्याच्या बोलण्यात पुस्तकापेक्षा लॅबच जास्त होती.

मेकॅट्रॉनिक्स हा शब्द जपानी. यास्कावा इलेक्ट्रिक या कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स हे दोन शब्द जोडून तो तयार केला. अर्थ समजायला आपल्या वऱ्हाडातला कुलर पुरे. कुलरच्या टाकीत पाणी कमी झालं की फ्लोट खाली जातो, कॉक उघडतो, पाणी येतं. टाकी भरली की फ्लोट वर येऊन पाणी बंद. यंत्रानं स्थिती ओळखली, त्यानुसार काम केलं, आणि त्या कामानं स्थिती बदलली की स्वतःच थांबलं. फ्लोटच्या जागी सेन्सर, दांडीच्या जागी मायक्रोकंट्रोलर आणि कॉकच्या जागी विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह बसवा, की झालं मेकॅट्रॉनिक्स. कारखान्यातला रोबोट असो की संत्र्याच्या बागेत मातीची ओल पाहून सुरू होणारं ठिबक, तत्त्व हेच.

त्या मुलाच्या लॅबमध्ये पहिलंच काम होतं टाकीतल्या पाण्याची पातळी राखण्याचं. त्यानं प्रोग्राम लिहिला : पाणी या रेषेच्या खाली गेलं की पंप चालू, वर आलं की बंद. कागदावर बिनचूक. प्रत्यक्षात पंप सुरू होताच पाणी हिंदकळलं, सेन्सरला पातळी कधी रेषेच्या वर तर कधी खाली दिसू लागली आणि रिले टकटक वाजत पंप सेकंदासेकंदाला चालू-बंद होऊ लागला. मग त्याला कळलं की रेषा दोन लागतात : चालू करायची खालची, बंद करायची वरची. पुस्तकात हे एका वाक्यात दिलेलं असतं. पण मोटर जळायला कशी येते हे त्यानं वडिलांच्या दुकानात लहानपणापासून पाहिलेलं. टकटक ऐकल्याबरोबर सगळ्यात आधी त्यानंच पंप बंद केला. इतरांना तो आवाज म्हणजे बिघाड आहे हेच आधी समजलं नव्हतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे गोष्ट ऐकताना माझं लक्ष शब्दांकडे गेलं. उर्दूत 'इल्म' म्हणजे ज्ञान आणि 'अमल' म्हणजे कृती. हाच अमल फारसीतून मराठीत आला आणि त्याचा 'अंमल' झाला, 'अंमलदार' झाला, आणि रोज वर्तमानपत्रात भेटणारी 'अंमलबजावणी' झाला. मराठीनं अमल सरकारी कचेरीत नेऊन बसवला, पण त्याचं मूळ घर कारागिराच्या हातात आहे.

याचा पुरावा आठशे वर्षं जुन्या एका किताबात सापडतो. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात इस्माईल अल-जज़री नावाचा यंत्रकार होता. पंचवीस वर्षं दरबाराची चाकरी केल्यावर सुलतानाच्या सांगण्यावरून त्यानं आपल्या यंत्रांचा ग्रंथ लिहिला आणि १२०६ मध्ये पूर्ण केला. ग्रंथाच्या अरबी नावातच इल्म आणि अमल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत : यंत्रविद्येतलं ज्ञान आणि उपयोगी कृती यांचा संग्रह. प्रस्तावनेत तो आधीच्या विद्वानांबद्दल आदरानं, पण स्पष्ट तक्रार करतो. त्यांनी प्रत्येक यंत्र स्वतः घडवून तपासलं नाही, म्हणून त्यांचं लिखाण खऱ्या-खोट्याच्या मध्ये लोंबकळत राहिलं, असं त्याचं म्हणणं. आजच्या कुठल्याही लॅबच्या दारावर लावावी अशी ही तक्रार आहे.

त्याचं हत्तीचं घड्याळ घ्या. हत्तीच्या पोटात पाण्याचा हौद, त्यावर तरंगणारी एक वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त मोजायला जे घटिकापात्र वापरत, त्याच जातीची. वाटी अर्ध्या तासात भरते आणि बुडते. बुडताना दोरी ओढते, वरून एक गोळा सुटतो आणि सापाच्या तोंडात पडतो. त्या वजनानं साप खाली झुकतो, आणि झुकताना बुडालेल्या वाटीला पुन्हा वर ओढतो. चक्र पुन्हा सुरू. ज्या घटनेमुळे यंत्र हललं तिनंच यंत्राला मूळ जागी आणलं. त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी, नवव्या शतकात, बगदादच्या तीन भावांनी, म्हणजे बनू मूसांनी, 'किताब-उल-हियल'मध्ये फ्लोटवर चालणारे व्हॉल्व्ह वर्णन केले होते. कुलरच्या फ्लोटचे हे बुजुर्ग.

आपल्या मुलूखातही ही परंपरा होती. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीत डोंगरातलं पाणी नळांनी आणून चाक फिरवलं जाई आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ दळलं जाई. त्याहून जवळचा माणूस म्हणजे मीर फतहुल्लाह शिराज़ी. शिराज़हून ते अली आदिलशहाच्या बोलावण्यावरून विजापूरला आले, तिथून १५८३ मध्ये अकबराच्या दरबारी गेले. धर्मशास्त्र, गणित, ज्योतिष यांत त्यांचा दबदबा. अकबराचं इलाही पंचांग त्यांनी तयार केलं आणि हिंदुस्थानातल्या मदरशांत तर्कशास्त्र, तत्त्वज्ञानाचा अभ्यास वाढला त्यात त्यांचा मोठा हात होता. निज़ामुद्दीन अहमद हा तत्कालीन इतिहासकार त्यांच्या नावावर आणखीही काही नोंदवतो : चालता चालता धान्य दळणारी गाडी आणि एका चाकावर पाठोपाठ बार काढणाऱ्या बंदुका. अबुल फज़ल अशा काही यंत्रांचं श्रेय खुद्द बादशहाला देतो. दरबारात असं व्हायचंच.

१५८६ मध्ये अकबराचा सरदार अझीझ कोका वऱ्हाडात शिरला आणि त्यानं एलिचपूर लुटलं. त्याच दख्खन मोहिमेच्या कामी शिराज़ींना पाठवलं होतं, पण कोकाशी त्यांचं पटलं नाही. १५८९ मध्ये काश्मीरमध्ये त्यांचं निधन झालं.

शिराज़ींबद्दल बदायुनीनं लिहिलेली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार लागते. एवढा मोठा आलिम अमीर-उमरावांच्या सात-आठ वर्षांच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवतो आणि खांद्यावर बंदूक, कमरेला दारूची पिशवी बांधून बादशहाच्या घोड्यामागे रानोमाळ धावतो, याची बदायुनीला शरम वाटते. त्याच्या मते यानं इल्मची इज्जत धुळीला मिळाली. आपलं घोडं कुठे अडलं ते या शेऱ्यात दिसतं. लेखणी धरणारा शरीफ आणि हातोडी धरणारा कमी, ही वर्गवारी कुराणानं दिलेली नाही. हज़रत दाऊद लोखंडाची चिलखतं घडवत असं कुराणच सांगतं. ती आली आपल्या समाजातल्या अशराफ-अजलाफ भेदातून आणि भोवतालच्या जातिव्यवस्थेतून. लोहार, पिंजारी, मोमीन, छप्परबंद यांच्या हातात हुनर राहिलं आणि किताब दुसऱ्यांकडे गेली.

इंग्रजी काळात ही दरी बुजवायचे प्रयत्न झाले. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामनं १९३६ मध्ये भायखळ्यात साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था काढली ती याच समजुतीनं. पण ते पुरेसं नव्हतं. सच्चर समितीनं २००६ मध्ये दाखवून दिलं की २० वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर किंवा पदविकाधारक ४ टक्क्यांहून कमी आहेत. त्याच अहवालात हेही आहे की कारागिरी, दुरुस्ती, स्वयंरोजगार यांत मुसलमानांचं प्रमाण मोठं आहे. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. अमल आपल्याकडे आहे, इल्मचं प्रमाणपत्र नाही.

म्हणून मेकॅट्रॉनिक्सची लॅब मला महत्त्वाची वाटते. गॅरेजमधल्या पोराला जे येतं त्याला तिथे प्रथमच गुण मिळतात. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' उपक्रमानं कॉलेजांना रोबोटिक्सच्या लॅब उभारायला मदत केली, आणि आधी शिक्षकांच्याच हातात रोबोट दिला. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सहावी ते बारावीच्या शाळांना मिळू लागल्या. आयटीआयमध्येही मेकॅट्रॉनिक्सचा ट्रेड आहे. दारं आहेत, पण उर्दू माध्यमाच्या मुलापर्यंत त्यांचा पत्ता पोचत नाही. पोचला तरी दहावीनंतर भाषा बदलते आणि तो 'टॉर्क' या शब्दाशीच अडखळतो. ज्या पोराचा हात रोज पान्यावर तोच टॉर्क मोजतो, त्यानं शब्दाला घाबरून घरी बसावं, हे मला मंजूर नाही.

हे काम भाषेच्या शिक्षकाचंही आहे. मी माझ्या नववी-दहावीच्या वर्गात आता दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं यासाठी ठेवतो. मुलांनी आपापल्या घरच्या दुकानातल्या एका वस्तूचं काम उर्दूत आणि मराठीत लिहायचं, आणि तिला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात काय म्हणतात ते शोधून आणायचं. गेल्या महिन्यात वेल्डिंगवाल्याच्या मुलीनं कटआउटवर दीड पान लिहिलं. व्याकरणाच्या चुका होत्या. करंट वाढला की तो का तुटतो, ते मात्र तिनं अचूक सांगितलं होतं.