पॅरिसची हातशिलाई : टाका, वेळ आणि हक्क

मंडळी, आपल्याला सहसा असं वाटतं की हातशिलाई आधीची आणि यंत्र नंतरचं. पॅरिसच्या ‘ओत कुत्यूर’ची गोष्ट मात्र उलटी आहे. बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं 1830 मध्ये. पुढच्याच वर्षी, पोट जाईल या भीतीने शिंप्यांनी पॅरिसमधली त्याची यंत्रं फोडली. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने पॅरिसमध्ये आपलं दुकान थाटलं ते 1858 मध्ये. म्हणजे यंत्र हाताशी होतं. वर्थच्या दुकानात लांब शिवणींना ते वापरलंही जाई. तरीही बरंचसं काम हातानेच होत राहिलं. का?

कारण कामाच्या पद्धतीत आहे. आधी मांजरपाटासारख्या साध्या कापडावर पोशाखाचा कच्चा नमुना करायचा, तो अंगावर लावून बघायचा. मग खऱ्या कापडावर शिवणीची प्रत्येक रेघ धावदोऱ्याने काढायची. दोरा दोन्ही बाजूंनी दिसतो, खडू पुसला जातो. कच्चे टाके घालायचे, अंगावर बघायचं, उसवायचं, पुन्हा घालायचं. कापड कुठे किंचित सैल घ्यायचं, हे बोटांना कळतं. यंत्राची टीप पक्की. कच्चा टाका मात्र चूक दुरुस्त करायला जागा ठेवतो.

आणि शिवणीच्या आत कापड भरपूर सोडायचं. आपले शिंपी त्याला ‘माया’ म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा शब्द ऐकला की शंकराचार्य आठवणार! पण ही माया भ्रम नाही. माणसाचं शरीर बदलणार, हे मान्य करून ठेवलेली ती सोय आहे.

आता दुसरी बाजू बघा. हे टाके घालणाऱ्या बायकांना फ्रेंचमध्ये ‘छोटे हात’ म्हणतात. पोशाखावर नाव वर्थचं. हात मात्र निनावी. मे 1917 मध्ये, ऐन महायुद्धात, या हातांनी सुया खाली ठेवल्या. मालकांनी शनिवारची दुपार बिनपगारी केली होती. मुली रस्त्यावर आल्या. मागण्या दोनच: शनिवारची अर्धी सुट्टी पगारासह, आणि रोज एक फ्रँक महागाई भत्ता. काही आठवड्यांतच, जूनमध्ये, त्यांच्या धंद्यापुरता सुट्टीचा कायदा झाला. टाक्याला वेळ लागतो, हे तर सगळेच सांगत होते; तो वेळ कुणाच्या आयुष्यातला, हे या मुलींनी सांगितलं.

मादलेन व्हिओने ही त्याच जगातून वर आलेली. लहानपणीच शिलाईकामाला लागली, 1912 मध्ये स्वतःचं दुकान काढलं. छोट्या लाकडी बाहुलीवर कापड लपेटून ती पोशाख रचायची. अख्खा पोशाख उरेब कापायचा, ही तिची खासियत. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं, म्हणून आधी टांगून ठेवायचं, मग खालची दुमड घालायची. तिथेही घाई चालत नाही. आणि हीच बाई आपल्या कामगारांना पगारी सुट्टी, जेवणघर, दवाखाना देत होती. कापडाला वेळ देणारीला माणसालाही वेळ द्यावा लागतो, हे तिला कळलं होतं.

‘ओत कुत्यूर’ या नावाला 1945 मध्ये फ्रान्समध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. नाव सुरक्षित झालं, चांगलं झालं. पण माझ्या मते या इतिहासातली मोठी तारीख 1917 ची आहे. हस्तकलेचं कौतुक आपण सगळेच करतो. ते कौतुक खरं की पोकळ, हे मजुरी ठरवताना कळतं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.