मणी, वेज आणि दोरा

मागच्या व्याख्यानात आपण दगड पाहिले. आज दोऱ्याबद्दल बोलू. श्रोत्यांपैकी बरेच जण घरी मण्यांच्या माळा करायला नुकतेच शिकताहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू. वाटीत मणी, हातात बारीक सुई, आणि धागा कोणता घ्यावा हा प्रश्न. आपलं सगळं लक्ष मण्याच्या रंगाकडे असतं. इतिहासकारांचंही तेच झालंय, बरं का.

मणी तयार करणं हे कसबी कारागिराचं काम. मण्याच्या आरपार भोकाला आपण वेज म्हणतो. कार्नेलियनसारख्या कठीण दगडाला लांब वेज पाडणं सोपं नव्हतं. हडप्पा काळातल्या कारागिरांनी त्यासाठी खास दगडी गिरमिटं वापरली. एका लांब मण्याला काही दिवस लागत. खंभातचे कारागीर पुढे हिऱ्याच्या टोकाचं गिरमिट कमानीने फिरवू लागले. वेज दोन्ही टोकांकडून पाडतात आणि मध्ये जुळवतात. तिथे जरा जरी चुकलं, तरी आत पायरी राहते. ही पायरी आणि वेजाची धारदार कड दोऱ्याला हळूहळू कापतात. तुमची माळ दोन महिन्यांत तुटली असेल, तर हाताला दोष देण्याआधी मण्याच्या तोंडाकडे बघा.

आता दोरा. मातीत तो कुजतो, त्यामुळे उत्खननात साधारणपणे सुटे मणीच मिळतात. पण नेवाशाला वेगळं घडलं. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली 1954 ते 1956 मध्ये तिथे उत्खनन झालं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष होते! तांब्याच्या क्षारांनी तो राखला होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीलाही तांब्याच्या मण्यांतला धागा हाती लागला, तो जवसाचा. म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या लेकरासाठी धागा वळला, मणी एकेक करून ओवले, आणि ती माळ लेकरासोबत मातीत ठेवली. दगडाचा वेज पाडणाऱ्याची हत्यारं सापडतात, कार्यशाळा सापडतात. ओवणाऱ्याचं तसं काही मागे राहत नाही. घरातल्या बायकांचं, वयस्करांचं, मुलांचं कितीतरी काम याच कारणाने इतिहासातून निसटतं, असं आमचं मत आहे.

संग्रहालयात जी जुनी माळ आपण पाहतो, तिचा दोरा बहुधा आजचाच असतो. मण्यांचा क्रमही कित्येकदा नव्याने ओवणाऱ्याने ठरवलेला. मोहेंजोदडोची सोन्या-जेडच्या मण्यांची माळ तर फाळणीनंतर अक्षरशः वाटली गेली. निम्मे मणी भारताकडे, निम्मे पाकिस्तानकडे. दोन्हीकडे ते पुन्हा ओवले गेले.

आपल्याकडे ओवण्याचा धंदा करणारे होते, पटवेकरी. रेशमी दोऱ्यात दागिने गुंफायचे, गोंडे बांधायचे. मोत्याच्या माळेत ते दोन मोत्यांमध्ये गाठ घालत. ती गाठ नुसती शोभेची नाही. तिच्यामुळे मोती मोत्यावर घासत नाही, आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती गळतो, सगळे घरभर पांगत नाहीत. घरी करून बघण्यासारखी हीच पहिली गोष्ट. दोरा वेजात सैल लोंबकळणारा नको, वेज भरेल इतका हवा. तंगूस चालतो, नवशिक्याला सोपाही पडतो, पण त्यावर साधी गाठ सुटते. दुहेरी, तिहेरी घाला आणि टोक शेजारच्या मण्यात परत घ्या. आम्हाला विचाराल, तर पहिली माळ तरी सुती किंवा रेशमी दोऱ्यावर करा. गाठ बोटांना कळते.

मंगळसूत्राची पोत कधी तुटली, असं आपल्या घरात कुणी म्हणत नाही. ती "वाढवली" म्हणतात. मणी हरवत नाहीत, वाटीत जमा होतात, आणि संध्याकाळी कुणीतरी नवा दोरा घेऊन बसतं.