बाबूराव पेंटर : रंगविलेल्या पडद्याकडून रुपेरी पडद्याकडे

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचे खरे आडनाव आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. ‘पेंटर’ हीच त्यांची ओळख ठरली. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिराच्या घरी जन्मलेल्या या पुरुषाने चित्र आणि शिल्प या दोन्ही कला स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केल्या. नात्याने बंधू असलेल्या आनंदराव मेस्त्री यांच्यासह त्यांनी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगविले, आणि त्या पडद्यांनीच दोघांचे नाव झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि या बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा तो घरीच घडवावयाचा, असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. अपुरे राहिलेले ते यंत्र बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये पुरे केले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब होता, की तो पुढे कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले.

ज्याची उमेद पडदे रंगविण्यात गेली, त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा दूर सारला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. नाटकाच्या दिव्यांत जो पडदा खरा वाटतो, तो कॅमेऱ्यापुढे सपाट कापड दिसतो, हे चित्रकाराच्या नजरेने अचूक हेरले होते. बाबूरावांनी लांबी-रुंदी-खोली असलेली दृश्यरचना उभारली, पात्रांचे वेश व प्रसंग आधी कागदावर रेखाटले आणि छायाप्रकाशाला रंगाचे काम दिले. ‘सिंहगड’ (१९२३) साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली. पण या दृष्टीची खरी कसोटी ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये लागली. नारायण हरी आपटे यांच्या कथेतील कर्जबाजारी शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणीची वाट धरतो. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली. अंधारलेली झोपडी आणि भेसूर रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य जाणकारांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहिले. देवदेवता आणि तलवारी यांना सरावलेल्या प्रेक्षकांना मात्र हे कडू औषध मानवले नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक कथांकडे वळले. हा पराभव त्यांचा की प्रेक्षकांचा?

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी कंपनी सोडली आणि ‘प्रभात’ स्थापन केली. गुरुगृहीची विद्याच तिकडे गेली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे बोलपट आले. बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५) केला आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ हट्टाने पुन्हा काढला. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’चे दिग्दर्शन त्यांच्याकडे आले, ते शिष्य शांतारामांच्या राजकमल संस्थेत. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट नाहीसे झाले. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही त्यांतच गेला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक मात्र टिकले आहे.