दातांवरचे डाग आणि पाण्याचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही शाळांत मुले मोकळेपणाने हसली, की एखाद्याच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळट-तपकिरी आडवे पट्टे दिसतात. अशा मुलाला 'दात नीट घासत जा' असे सांगितले जाते. मूल गोंड किंवा कोलाम वस्तीवरचे असेल, तर 'यांच्यात असेच असते' असा शेराही कानावर येतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या कशा खोट्या ठरल्या, हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तिथे जन्मलेल्या अनेकांचे दात तपकिरी होते. कुणी डुकराच्या मांसाला दोष देई, कुणी वाईट दुधाला. १९०९ पासून ग्रीन ब्लॅक हे नामवंत संशोधकही त्याच्या मदतीला आले. त्यांच्या तपासणीत एक गोष्ट स्पष्ट झाली: लहानपणापासून तिथे वाढलेल्यांचेच दात डागाळत, मोठेपणी तिथे आलेल्यांचे नाही. म्हणजे कारण रक्तात किंवा वंशात नव्हते. दात घडत असताना पोटात जाणाऱ्या कशात तरी ते होते.

दाताचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, हिरडीच्या आत तयार होते. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचे हे काम साधारण आठव्या वर्षापर्यंत संपते. त्या काळात फ्लोराइड जास्त झाले, तर एनॅमल सच्छिद्र राहते आणि पुढे त्यात डाग धरतो. म्हणून राखुंडीने कितीही घासले, तरी तो जात नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या दातावर त्याने बालपणी प्यालेल्या पाण्याची नोंद असते!

आयडाहो राज्यातील ओकली गावात दूरच्या झऱ्याचे पाणी नळाने आणल्यावर मुलांचे दात डागाळू लागले. १९२३ साली मॅकेने तो झरा सोडण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला आणि त्यानंतर लहान मुलांचे नवे दात स्वच्छ आले. बॉक्साइट या खाणकामगारांच्या गावात १९०९ साली खोल विहिरी खोदल्या आणि पुढच्या पिढीचे दात बिघडले. १९३१ साली चर्चिल या रसायनतज्ज्ञाने त्या पाण्यात भरपूर फ्लोराइड असल्याचे दाखवले. भारतात १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून, हाडेही ताठरवणाऱ्या फ्लोरोसिसचा अहवाल प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडे वळू. भद्रावती म्हणजे जुने भांदक, तळ्यांचे गाव. या मुलखात तलाव आणि उथळ विहिरी यांचा आधार फार जुना. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधन विहिरी आणि हातपंप आले. त्यांनी पटकी, नारू यांसारख्या रोगांपासून लोकांना वाचवले, हे विसरता येणार नाही. पण खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइडही उतरलेले असते. भद्रावती-वरोरा परिसरातल्या काही गावांत ते मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. ही मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे.

खडक जात पाहत नाही. तरीही सगळ्या मुलांना सारखाच त्रास होत नाही. ज्या वस्तीला नळयोजना मिळते, तिथली मुले वाचतात. एकाच हातपंपावर अवलंबून असलेल्या दूरच्या पाड्यावरची मुले वाचत नाहीत. आहारात कॅल्शियम कमी असेल, तर त्याच पाण्याचा परिणाम अधिक होतो. डाग झाकण्याचे उपचार असतात, पण ते शहरात आणि खर्चिक. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, पण भद्रावतीहून ते सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. विरोधाभास असा, की ठरावीक मात्रेतले फ्लोराइड किडीपासून दातांचे रक्षण करते. १९४५ पासून अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात ते मोजून पाण्यात मिसळले गेले. म्हणजे काही मुलांना फ्लोराइड मोजून मिळाले, तर काहींना न मोजता.

उपाय अवघड नाहीत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्याच 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ साली सुरू झाला. मात्र सर्वांत खात्रीचा उपाय ओकलीचाच: पाण्याचा स्रोत बदलणे.

शाळेला यात काय करता येईल? गावाचा नकाशा काढून त्यावर प्रत्येक विहीर आणि हातपंप दाखवा. कोणत्या वस्तीची मुले पहिली सात-आठ वर्षे कुठले पाणी प्याली, याची नोंद करा. शंका असलेल्या स्रोतांचे पाणी ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या. एक पथ्य मात्र पाळा. मुलांना रांगेत उभे करून दात दाखवायला लावू नका. डाग लपवण्यासाठी ओठ मिटून हसणाऱ्या मुलाला पहिल्यांदा एवढेच सांगा, की यात तुझी किंवा तुझ्या घराची काही चूक नाही. त्याच्या धाकट्या भावंडांचे दात मात्र आज ते कुठले पाणी पितात, यावर ठरणार आहेत.