थकलेल्या पाद्र्यांचा आश्रम

गोव्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांसह वाढलेल्या आमच्या वाचकांना ‘रेतीर’ हा शब्द अपरिचित नसावा. पाद्री काही दिवस नित्याची कामे बाजूला ठेवून मौन व प्रार्थना यांत घालवितात, तो हा एकांतवास. इग्नेशियस लॉयोला यांनी सोळाव्या शतकात त्याला शिस्तबद्ध रूप दिले व १५४८ मध्ये तिसरे पोप पॉल यांनी त्यांच्या साधनाग्रंथास मान्यता दिली. १९८३ च्या धर्मसंहितेत तर चर्चच्या विगाराला वर्षाकाठी महिनाभरापर्यंत सुटी दिली असून रेतीरचे दिवस तीत धरू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. सुटी व साधना यांतील हा भेद आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो.

परंतु जो नुसता थकलेला नाही, पुरता मोडून गेला आहे, त्याने कोठे जावे? अमेरिकन पाद्री जेराल्ड फिट्झजेराल्ड यांनी १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील जेमेझ स्प्रिंग्ज या उष्ण झऱ्यांच्या डोंगरी गावी अशांसाठी आश्रम काढला. आपल्या संघाला त्यांनी ‘पॅराक्लीटचे सेवक’ असे नाव दिले. पॅराक्लीट म्हणजे पवित्र आत्मा. मराठी बायबलात त्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. दारूच्या आहारी गेलेले, खचलेले पाद्री तेथे येत. त्या काळी अशा माणसाला दार उघडणे ही लहान गोष्ट नव्हती. फिट्झजेराल्ड यांचा भर मानसोपचारापेक्षा प्रार्थनेवर व पवित्र साक्रामेंतापुढील आराधनेवर होता.

मात्र बिशप तेथे आणखी एका प्रकारचे पाद्री धाडू लागले : मुलांवर लैंगिक अत्याचार केलेले. हा उघड अपराध होता. विश्रांतीने तो कसा धुतला जाणार? अशांना पुन्हा चर्चच्या कामावर घेऊ नये, असे फिट्झजेराल्ड यांनी १९५० च्या दशकात बिशपांना पत्रांतून बजावले. त्यांना दूर एखाद्या बेटावर ठेवावे, अशीही त्यांची योजना होती. (ती आम्हांस भाबडी वाटते, न्यायालय बेटाहून जवळ होते.) त्यांचे ऐकले गेले नाही. १९६९ मध्ये ते वारले. आश्रमात उपचार घेतलेले काहीजण पुन्हा सेवेत रुजू झाले आणि त्यांनी आणखी मुलांचे आयुष्य नासविले. १९९० च्या दशकात पीडितांनी संघावरही खटले भरले. फिट्झजेराल्ड यांची पत्रे २००९ मध्ये वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आली, तेव्हा त्यांतील पहिल्या इशाऱ्यांना पन्नासहून अधिक वर्षे उलटली होती.