छावणींतील घरमालक

पुणेकरांच्या तोंडीं ‘लष्कर’ हा शब्द फौजेपेक्षां एका वस्तीचाच वाचक होऊन बसला आहे. ‘आम्हीं लष्करांत बिऱ्हाड केलें’ असें कोणी म्हटल्यास तो पलटणींत भरती झाला असें कोणी समजत नाहीं. परंतु ही वस्ती पलटणीच्या पाठोपाठ जन्मास आली, आणि तेथील घरांच्या मालकीवर त्या जन्माची खूण कायमची उमटली, ही गोष्ट भाड्याची पावती हातीं घेणारास क्वचितच आठवते. घरमालक व भाडेकरी यांच्या झगड्याविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा मुंबईच्या चाळींना उद्देशून असतें. छावणींत मात्र हा झगडा दोघांचा नसून तिघांचा आहे, व तिसऱ्याची बाजू वाचकांपुढें मांडणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यांत पुणें इंग्रजांच्या हातीं आलें. फौज शहराच्या गर्दींत न ठेवतां बाहेरच्या मोकळ्या माळावर ठेवावी, हें कंपनीचें धोरण सर्वत्र होतें. त्यास अनुसरून पुण्यास व खडकीस छावण्या पडल्या. शिपायांच्या निवाऱ्याची सोय सरकारनें पाहिली. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं मात्र आपापलें घर आपल्या पैशानें उभारावें किंवा भाड्यानें घ्यावें असा शिरस्ता होता. जागा सरकार देई. बंगला अधिकारी बांधी. त्याची बदली झाली कीं बंगला मागून येणाऱ्या अधिकाऱ्यास विकावयाचा. पलटणीच्या मागें बाजार येतो, आणि बाजाराच्या मागें सावकार! पारशी, बोहरी, मेमण इत्यादि व्यापारी तेथें स्थिरावले, आणि कालांतरानें बंगले ह्या हिंदी धनिकांच्या नांवें होऊं लागले. गोरा साहेब भाडेकरी व काळा मनुष्य घरमालक, असा चमत्कारिक देखावा छावणीवांचून त्या काळीं फारसा कोठें दिसला नसेल.

तथापि ही मालकी कसल्या प्रतीची होती? बंगालच्या फौजेसाठीं १२ सप्टेंबर १८३६ रोजीं गव्हर्नर जनरलनें काढलेला १७९ क्रमांकाचा हुकूम ह्या बाबतींत फार प्रसिद्ध आहे. इतर इलाख्यांतही ह्याच धर्तीचे हुकूम होते. त्यांतील कलमें मुळांतून वाचण्याजोगीं आहेत. पहिलें असें कीं, एक महिन्याची नोटीस देऊन व परवानगीनें बांधलेल्या इमारतीची किंमत चुकवून सरकारनें वाटेल तेव्हां जागा परत घ्यावी. दुसरें असें कीं, जमीन सर्वथा सरकारची, ती विकतां येणार नाहीं. घर मात्र एका लष्करी अगर वैद्यकीय अधिकाऱ्यानें दुसऱ्यास खुशाल द्यावें. फौजेबाहेरील मनुष्यास द्यावयाचें झाल्यास छावणीच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी संमति पाहिजे. आणि घेणारा ‘नेटिव्ह’ असून मालमत्तेची किंमत ५००० रुपयांहून अधिक असली, तर सेनापतीच्या मार्फत खुद्द सरकारची मंजुरी मिळेपर्यंत विक्री व्हावयाची नाहीं! एकाच विटांच्या घरास विकत घेणाराच्या वर्णाप्रमाणें तीन निरनिराळे दरवाजे लावण्याची ही युक्ति आहे. तिच्यांतील अपमान तर उघडच आहे. पण आमच्या मतें त्याहून टिकाऊ ठरलें तें पहिलें कलम. अपमान राज्याबरोबर गेला, पण जमीन सरकारची व घर मात्र खाजगी ही विभागणी मागें राहिली.

येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. ज्याच्या पायाखालची जमीन महिन्याच्या नोटिशीवर जाण्याजोगी आहे तो घरमालक तरी कोणत्या अर्थानें मालक? भाडेकऱ्यापुढें तो मालक, आणि सरकारपुढें मात्र केवळ परवानगीनें बसलेला. ही दुहेरी स्थिति पुढील कायद्यांनीं अधिकच घट्ट केली. बंगले हिंदी लोकांच्या हातीं गेल्यावर अधिकाऱ्यांस राहावयास घरें मिळेनात, मिळालीं तर भाडें परवडेना, अशी ओरड झाली. तींतून छावण्यांतील घरांसंबंधींचा १९०२चा कायदा निघाला व त्याची जागा पुढें १९२३च्या कायद्यानें घेतली. ह्या कायद्यान्वयें छावणींतील प्रत्येक घर सरकारास भाडेपट्ट्यानें ताब्यांत घेतां येण्याजोगें ठरलें. अधिकाऱ्यानें अर्ज करावा, त्याच्या ऐपतीच्या भाड्यांत योग्य घर मिळत नाहीं अशी मुख्य अधिकाऱ्याची खात्री पटावी, कीं मालकास नोटीस जावी. मालक स्वतः राहत असलेलें घर, तसेंच रीतसर चालत आलेलीं इस्पितळें, शाळा, पेढ्या, दुकानें यांस सूट होती. परंतु एखाद्या गरीब बिगरलष्करी भाडेकऱ्याचें बिऱ्हाड ह्या सवलतींत कोठें बसतें हें शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. मालकास निदान भाडें मिळे. भाडेकऱ्यास घर खालीं करण्याची सूचना!

स्वातंत्र्यानंतर भाडेनियंत्रणाचे कायदे आले तेव्हां छावणींतील भाडेकऱ्यासही हायसें वाटलें असल्यास नवल नाहीं. मुंबईचा १९४७चा कायदा छावण्यांसही लागू पडतो, असें मुंबई उच्च न्यायालयानें पन्नासाच्या दशकांत मानलें. परंतु राज्यघटनेच्या केंद्रीय सूचींतील तिसऱ्या नोंदींत छावण्यांतील घरांचें नियमन, ‘भाड्याच्या नियंत्रणासह’, संसदेकडे सोंपविलेलें आहे. बराकपूरच्या छावणींतील घरभाड्याच्या एका वादांत सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं ह्या शब्दांचा पूर्ण अर्थ घेतला: मालक-भाडेकरी संबंधांचें नियमन त्या नोंदींतच येतें, सबब राज्याच्या विधिमंडळास तेथें कायदा करण्याचा अधिकारच नाहीं. न्यायालयाचा तर्क आम्हांस बिनचूक वाटतो. पण वर्षानुवर्षें राज्याच्या कायद्याच्या भरंवशावर राहिलेल्या भाडेकऱ्यांच्या डोक्यावरील छप्पर त्या तर्कानें एकाएकीं डळमळलें, हेंही तितकेंच खरें.

सुदैवानें संसदेनें १९५७ सालींच एक कायदा करून ठेवला होता, कीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून राज्याचा भाडेकायदा छावणीस लागू करावा. महाराष्ट्रांतील छावण्यांसाठीं ती अधिसूचना १९६९ अखेर निघाली. मागील निकालांचें काय, हा प्रश्न उरलाच; तो सोडविण्याकरितां १९७२ सालीं दुरुस्ती करून कायद्याचा अंमल २६ जानेवारी १९५० पासून धरण्यांत आला.

पण त्या १९५७च्या कायद्यांतील एक परंतुक वाचकांनीं अवश्य पाहावें. सरकारी मालकीच्या घरांस हें संरक्षण नाहीं, हें समजण्याजोगें आहे. परंतु १९२३च्या कायद्यान्वयें सरकारनें जें घर भाडेपट्ट्यानें घेतलें असेल, ‘किंवा जें घेतलें जाऊं शकेल’, त्यासही तें नाहीं! घेतलेलीं घरें मोजतां येतात. घेतां येण्याजोगीं घरें कोणतीं? १९२३च्या कायद्याचीं अक्षरें प्रमाण मानलीं तर सूट असलेलीं थोडीं घरें वगळून सगळीं छावणीच त्या शब्दांत मावते. संसदेच्या मनांत एवढा विस्तार होता असें आम्हांस वाटत नाहीं, कारण मग कायदा करण्याचें प्रयोजनच उरत नाहीं. तरीही ते शब्द परंतुकांत घातले गेले, आणि भाडेकऱ्यास बाहेर काढूं पाहणाऱ्या मालकास, जो स्वतः सरकारपुढें महिन्याच्या नोटिशीचा धनी, कोर्टांत बोट ठेवावयास तीच ओळ सांपडते.