आखर आणि दैहान

मुंबई-हावडा लोहमार्गाने पूर्वेकडे जाताना दुर्ग मागे पडले की भिलाई हे नाव मिरवणारी तीन स्थानके एकापाठोपाठ येतात : भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस आणि नुसते भिलाई. कुठे उतरावे याचा परक्या माणसाला उलगडा होत नाही. जानेवारी २०१२ मध्ये मी भिलाई नगरला उतरलो. माझा आतेभाऊ पोलाद कारखान्यात अभियंता होता व त्याच्या घरी चार दिवस मुक्कामाचा बेत होता. शासकीय सेवेत असलेल्या माणसाने सुटीत दुसऱ्याचे नगर पाहण्यास निघावे, हा एक प्रकारचा व्यावसायिक रोगच म्हणावा लागेल. पण तो मला आहे.

भावाने एका निवृत्त कामगाराशी गाठ घालून दिली. हे गृहस्थ कोक ओव्हन विभागात ३९ वर्षे काढून २००८ मध्ये निवृत्त झाले होते आणि कुणा पाहुण्याची इच्छा असल्यास ठरावीक पैसे घेऊन त्याला सकाळी वसाहतीतून पायी हिंडवून आणीत. भावाची मुले त्यांना छत्तीसगढी रीतीप्रमाणे ‘कका’ म्हणत, म्हणून मीही तेच संबोधन उचलले. त्यांचे नाव आणि आम्ही जिथे थांबलो त्या सेक्टरचा क्रमांक येथे मुद्दाम देत नाही.

सकाळी सातला निघालो. रुंद, सरळ, झाडांनी झाकलेले रस्ते. प्रत्येक सेक्टरात शाळा आणि बाजार. श्रेणीनुसार वाटलेली घरे. ककांचे निवेदन चांगलेच घोटलेले होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात दिल्लीत करार झाला. कारखान्याची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची. कर्जावरील व्याज अवघे अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. (आदल्याच दिवशी त्यांनी जर्मन साहाय्याने उभारलेल्या राउरकेलाच्या भट्टीचे उद्घाटन केले होते. दोन दिवसांत दोन भट्ट्या, असा तो काळ होता.) ख्रुश्चेव्ह १९६० मध्ये येथे येऊन गेले. मैत्रीबाग १९७२ ची, पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध. रशियन तज्ज्ञ, त्यांच्या बायका, त्यांनी बाजारात शिकून घेतलेली मोडकी हिंदी, हे सारे कका खुलवून सांगत. या नगराचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा हिस्सा येथून जातो. देशाच्या कानाकोपऱ्यातील माणसे येथे शेजारी शेजारी राहिली, त्यांची मुले एकाच शाळेत शिकली. नियोजनाच्या त्या पर्वाची टिंगल करणे अलीकडे फार सोपे झाले आहे. ज्यांनी अशा वसाहतीत एक सकाळ काढली आहे ते ती सहसा करणार नाहीत.

तासाभराने मी महसुली माणसाचा प्रश्न विचारला. सेक्टरांना क्रमांक आहेत, नावे नाहीत. मग येथे पूर्वी काय होते? कका थोडे थांबले. बहुतेक पाहुणे हे विचारत नसावेत. ‘माझे गाव होते,’ ते म्हणाले, आणि नेहमीचा मार्ग सोडून त्यांनी मला एका बाजूला नेले.

तिथे एक तळे होते. छत्तीसगढीत त्याला तरिया म्हणतात. काठावर कडुनिंब व त्याखाली शीतलामातेचे लहानसे देऊळ, ताज्या चुन्याने रंगवलेले. पलीकडे क्वार्टरांची रांग. छत्तीसगढच्या कोणत्याही खेड्यात शिरलात तर तळ्याकाठी ही देवी सापडायचीच, तेव्हा हे देऊळ म्हणजे त्या गावाच्या अस्तित्वाचा पुरावाच होता, आणि बहुधा शेवटचा. ककांनी एक काटकी उचलली व धुळीत नकाशा काढला. ही गुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या बसण्याउठण्याची मधली जागा. हा गौंटियाचा वाडा. हे बियारे, म्हणजे खळी. हे भाठा, मुरमाड माळ. आणि हे दैहान, सकाळी साऱ्या गावाची गुरे चरायला निघण्यापूर्वी जिथे गोळा होत ती जागा. दैहानाभोवती त्यांनी काटकी दोनदा फिरवली. त्यांचे वडील राऊत, म्हणजे गावचे गुराखी होते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण या प्रकरणाचा एक धागा नागपूरला पोचतो. हा मुलूख १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केला आणि पुढे मध्य प्रांताचा भाग झाला. भिलाईचा करार झाला त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती व पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि भंडारा हे एकाच राज्याचे शेजारी जिल्हे होते. दोन्हीकडे मालगुजारी, दोन्हीकडे वाजिब-उल-अर्ज, दोन्हीकडे निस्तार. निस्तार म्हणजे गावाच्या पडीत जमिनीतून सरपण, चराई, माती, पाणी घेण्याचा सर्व रहिवाशांचा हक्क. विदर्भातील महसूल कर्मचाऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आजही आहे.

आता क्रम लक्षात घ्यावा. १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट झाले आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाराकडील पडीत जमिनी, चराऊ रान आणि ज्यांवर गावाचे हक्क होते ते तलाव शासनाकडे आले. सुधारणा न्याय्यच होती. मालगुजाराच्या कचाट्यातून रयत सुटली. पण चारपाच वर्षांतच पोलादासाठी जमीन संपादन होऊ लागली, तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्यापुढे दैहान आणि भाठा शासनाचेच होते. शासनाने शासनाची जमीन घेतली. मोबदला कुणाला द्यायचा? खातेदाराला शेताचा बाजारभाव आणि त्यावर पंधरा टक्के दिलासा रक्कम मिळाली. निस्तार हक्काची नोंद दप्तरात होती, पण तिचा भाव ठरवण्याचा रकाना निवाड्यात नव्हता. यात कुणी लबाडी करण्याची गरजच पडली नाही. दोन चांगले कायदे एकामागोमाग आले आणि त्यांच्या सांध्यात राऊताचे जगणे सापडले.

ककांच्या वडिलांना वर्षाकाठी दर जनावरामागे ठरलेले धान मिळे. गाव उठले, जनावरे विकली गेली, धान थांबले. त्यांच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती, त्यामुळे नोटीस आली नाही. त्यांनी ठेकेदाराकडे मातीकाम धरले. जिथे गुरे उभी करीत होते तीच जागा टोपल्यांनी सपाट केली, असे कका म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, नकाशा दाखवतानाचाच स्वर होता.

कारखान्यात कायम नोकरी वडिलांनी का धरली नाही, असे विचारल्यावर ते हसले. सुरुवातीला आसपासच्या खेड्यांत भट्टी नरबळी मागते अशी अफवा होती, शिवाय घड्याळाच्या भोंग्यावर जगणे शेतकरी गड्याला मानवत नव्हते. नव्वदच्या दशकापासून भिलाईत राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनीही (त्यांचा मोठा ग्रंथ २०२० मध्ये आला) स्थानिकांची ही सुरुवातीची नाखुशी नोंदवली आहे. १९६५-६६ च्या दुष्काळानंतर मने बदलली. कका १९६९ मध्ये लागले. कोक ओव्हनची धग, धूर आणि धूळ बाहेरच्यांना नकोशी, म्हणून तिथे छत्तीसगढी माणसांचा भरणा अधिक. त्याच नोकरीवर त्यांच्या दोन मुली शिकल्या. कारखान्याने वडिलांचे गाव घेतले आणि मुलाला पेन्शनीपर्यंत पोसले. कका या दोन गोष्टींची वजाबाकी करीत नव्हते. मीही करू धजत नाही.

परतताना लोहमार्गापलीकडच्या वस्त्यांकडे त्यांनी हात केला. कॅम्प १, कॅम्प २ : बांधकाम मजुरांच्या छावण्यांची नावे अजून चिकटलेली. नियोजित नगराच्या कडेला अनियोजित नगर वाढतेच, हे प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याला ठाऊक असते. आराखड्यात मात्र त्याला जागा नसते. त्या बाजूच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी मजुरांचे संघटन करणारे शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतच झोपेत गोळी घालून मारले गेले. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्याविषयी कका फारसे बोलले नाहीत. कायम कामगार आणि ठेका मजूर यांच्यातले अंतर त्या रुळांपेक्षा रुंद होते, एवढेच म्हणाले.

चहाच्या टपरीवर त्यांनी मला माझ्या नोकरीविषयी विचारले. नवे भूसंपादन विधेयक तेव्हा संसदेपुढे होते. सप्टेंबर २०११ मध्ये ते मांडले गेले होते. मी त्यांना सांगितले की त्यात खातेदाराबरोबर शेतमजूर, कूळ, कारागीर, ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर आहे अशा कुटुंबांनाही बाधित धरण्याचे योजले आहे. (२०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, ती व्याख्या त्यात आहे. प्रत्यक्ष चौकशीत गुराख्याचे नाव कोण घालते, हा वेगळा लेखाचा विषय.) कका म्हणाले, ‘आधी कुणाला सुचले नाही का, साहेब?’

तेव्हा जे आजवर कुणाला सांगितले नव्हते ते मी त्यांना सांगितले. १९९४ मध्ये मी वैनगंगेच्या खोऱ्यात एका प्रकल्पासाठी भूसंपादन अधिकारी होतो. एका गावच्या निवाड्यात मी विहिरी मोजल्या, आंबे आणि मोहाची झाडे घेरानुसार मोजली, घरांचे मूल्यांकन मागवले. निवाडा नमुनेदार म्हणून वरिष्ठांनी वाखाणला होता. कलम ९ च्या सुनावणीला एक म्हातारा गायकी आला होता. आमच्याकडे गुरे गोळा होण्याच्या जागेला आखर म्हणतात. ‘आखराचं काय?’ एवढेच तो विचारत होता. मी गट क्रमांक विचारला, त्याला सांगता आला नाही. मी सातबारा मागितला. तो बराच वेळ उभा राहिला आणि मग गेला. बाहेर शंभर माणसे थांबली होती आणि मला सायंकाळपर्यंत सुनावणी संपवायची होती.

‘पुढे त्याचे काय झाले?’ ककांनी विचारले.

मला ठाऊक नव्हते. कधी चौकशीही केली नव्हती.

त्यांनी ठरलेले पैसे मोजून घेतले, माझ्या आग्रहाला न जुमानता चहाचे स्वतः दिले, आणि मुलीचा फोन येईल म्हणून निघाले.

परत आल्यावर मी अभिलेख कक्षातून ते जुने प्रकरण काढून घेतले. निवाडा एकशे बारा पानी आहे. झाडांची यादी अठरा पाने. त्या म्हाताऱ्याचे नाव कुठेही नाही. रोजनाम्यात त्या तारखेसमोर माझ्या अक्षरात एक ओळ आहे : एक इसम उपस्थित, हक्काचा पुरावा सादर नाही.